लेकरू वाढवताना: गावातल्या आया नेहमी विचारतात ते प्रश्न

वजनाच्या दिवशी अंगणवाडीत, लसीच्या रांगेत, नाहीतर वावरातून येताना वाटेत थांबवून जे विचारलं जातं, ते इथे एकत्र लिहिलं आहे. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवलेत. एक मात्र आधीच सांगते. यातले निम्मे प्रश्न लेकराबद्दलचे वाटतात, पण खरं पाहिलं तर आई वावरात असताना लेकरू कोणाच्या कडेवर आहे, याबद्दलचे असतात. म्हणून उत्तरं एकट्या आईसाठी नाहीत. आजी, आजोबा, बाप, आत्या, ज्यांच्या हाती लेकरू असतं त्या सगळ्यांनी वाचावीत.

पहिला सव्वा महिना

सासूबाई म्हणते पहिला चीक पिवळा असते, पिळून टाकून दे. टाकू का?

नाही. पहिले दोन-तीन दिवस येणारं हे घट्ट दूध दिसायला थोडं असतं, पण नवजात बाळाचं पोटही तेवढंच इवलंसं असतं. रोगाशी लढणारे घटक याच दुधात सगळ्यात जास्त असतात. बाळंतपण साधं असो की सिझर, शक्यतो तासाभरात लेकरू छातीला लागलं पाहिजे. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची हौस असेल तर अंगठी कपाळाला लावा, मध राहू द्या. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांना त्यानं काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू त्या जंतूच्या विषाने लुळे पडू शकतात.

बाजेखाली शेगडी ठेवाव का? आमच्यात सव्वा महिना ठेवतात.

पौष-माघातल्या थंडीत ऊब हवीच, त्यात सासूबाईंचं काही चुकत नाही. पण दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी ठेवली की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, त्यामुळे कळायच्या आत माणूस बेशुद्ध होतं. बाळासाठी टोपरं, मोजे, दुपटं आणि आईची कूस पुरते. लेकरू अडीच किलोच्या आतलं असेल तर त्याला फक्त लंगोट-टोपरं घालून आईच्या उघड्या छातीशी उभं बांधा आणि वरून शाल घ्या. आई जेवायला बसली की आजीने नाहीतर बापाने तसंच छातीशी धरावं. बापाच्या छातीतही ऊब असते, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं.

घुटी चाटवू का?

सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि त्यात घुटीही आली. सहाण कुठे असते ते जरा आठवा. फळीच्या कोपऱ्यात, रात्री तिच्यावरून झुरळं फिरतात, सकाळी हौदातल्या पाण्याचा हात फिरवला की झालं. त्यावर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ एकामागून एक उगाळायचं. किती वेढे, याचा अंदाज ज्याच्या त्याच्या हाताचा. जायफळाचे वेढे जास्त झाले की लेकरू गुंगीत जातं आणि घरातले म्हणतात, आज मस्त झोपलं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तेवढं द्या, बाकी सहाण चंदनासाठी ठेवा.

लेकरू पिवळं दिसते. उन्हात धरू?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा येतो आणि बहुतेक बाळांचा दोन आठवड्यांत जातो. कोवळ्या उन्हाने कावीळ बरी होते हा भरवसा ठेवू नका. जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा लेकरू दूध ओढेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आशाताई सारखी सारखी घरी काहून येते? दवाखान्यातून तर सुट्टी झाली.

येऊ द्या, चहा पाजा. तिच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. ही पद्धत आपल्या विदर्भातूनच पुढे आली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला लावली, आणि बालमृत्यू बरेच खाली आले. १९९९ साली ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशाताई ताप मोजते, वजन करते, श्वास मोजते, नाळ पाहते. यातलं एकही काम शेजारीण करत नाही. ती फक्त ‘बारीक दिसते बाई’ म्हणून जाते.

दूध

दूध पुरत नाही असं सगळेच म्हणतात. कसं ओळखावं?

लेकराकडे पाहून ओळखा, लोकांकडे पाहून नाही. दिवसरात्रीत सहा-सात वेळा लंगोट ओलं होतं का? वजन वाढतं का? पहिल्या आठवड्यात ते थोडं घटतं, दोन आठवड्यांत जन्माच्या आकड्यावर परत येतं आणि पाच-सहा महिन्यांत साधारण दुप्पट होतं. हे होत असेल तर दूध पुरतं. लेकरू गरम झालं, ओलं झालं, कंटाळलं तरी रडतं. त्या रडण्यावर कोणी पावडरचा डबा आणला की छातीला ओढणं कमी होतं, ओढणं कमी झालं की दूध खरंच कमी होतं, आणि मग ‘आम्ही म्हटलंच होतं’ असं म्हणायला सगळे मोकळे.

मे महिन्यात तरी पाणी पाजाव ना? चार महिन्याचं हाय.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हा प्रश्न रोज येतो. तरीही नाही. आईच्या दुधात भरपूर पाणी असतंच. दूध जास्त वेळा पाजा, आणि पाण्याचा तांब्या लेकराऐवजी आईजवळ ठेवा.

वेचाले जावं लागते. लेकरू पाच महिन्याचं. दूध कसं पाजू?

हा खरा प्रश्न, आणि याला ‘जाऊ नका’ हे उत्तर नव्हे. कापूस वेचाईची मजुरी किलोवर असते. घरी बसलेल्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही.

तर असं करा. पहाटे उठल्या उठल्या पोटभर पाजा, निघायच्या आधी पुन्हा पाजा. या दोन पाजण्यांच्या मध्ये हात साबणाने धुऊन, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत दूध पिळून काढा. ते झाकून घरातल्या सगळ्यात थंड जागी ठेवा. दिवाळीनंतरच्या हवेत चार तास ते चांगलं राहतं. उन्हाळ्यात इतका वेळ ठेवू नका. गरम करू नका. आजीने ते वाटी-चमच्याने पाजायचं. बाटली नको, कारण तिच्या बुचाच्या खाचा धुतल्या जात नाहीत आणि तिथूनच जुलाब सुरू होतात.

दुपारी एकदा लेकराची आणि आईची गाठ पडली पाहिजे. वावर जवळ असेल तर आजी-आजोबांपैकी कोणी लेकरू धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणावं. लांब असेल तर दुपारचा डबा पोचवणाऱ्याच्या गाडीवर आजीला लेकरू घेऊन बसवा. मोठं लेकरू शाळा बुडवून धाकट्याला सांभाळतं, ती सोय मात्र सोय नाही. सात वर्षांच्या पोरीला झोळी हलवता येते, ठसका लागलेलं लेकरू पालथं धरता येत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आधी हात-छाती धुवा, लगेच पाजा, स्वयंपाक नंतर. रात्री जितकं मागेल तितकं द्या. रात्रीच्या पाजण्यानेच दूध टिकतं. आणि मुकादमाला ‘दोघी-तिघी आया आहोत, लेकरांजवळ एक बाई बसवू’ असं एकत्र मिळून म्हणा. एकटीने म्हटलेलं हवेत जातं.

बाभळीले झोळी बांधली तर चालते का?

चालते. फांदी आणि खालचे मुंगळे पाहून बांधा, आणि तोंडावर जाड कापड टाकू नका. पण फवारणी चालू असेल त्या वावरात नाही, शेजारच्या वावरातही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट शेतकरी-मजूर गेले, तिथे लेकराची काय कथा. फवारून आलेल्या बापाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलू नये, मग लेकरू कितीही हात पसरो. फवारणीचं उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय तर आजच मोडा. दोन वर्षांच्या पोराला बाटली ओळखता येते, आतलं पाणी ओळखता येत नाही. लेकरानं औषध किंवा रॉकेल प्यायलंच, तर ओकारी काढायला लावू नका. १०८ लावा आणि औषधाचा मूळ डबा सोबत घ्या.

घास

सहा महिने झाले. आता वरणाचं पाणी देऊ?

पाणी नको, वरण द्या. आपण वरचं निवळ पाणी लेकराला देतो आणि खालची डाळ घरातल्या मोठ्यांच्या ताटात जाते. भात आणि तुरीची नाहीतर मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवून बोटांनी कुस्करा, चमचाभर तेल-तूप घाला. चमचा तिरपा केला तर ओघळता कामा नये, इतपत घट्ट. ज्वारीच्या कण्या, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं, घोटलेली पालेभाजी हळूहळू येऊ द्या. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये थोडंसं काही. दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू. वर्षाचं होईपर्यंत वरून मीठ-साखर नको. फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे लहान लेकरांच्या हाती देऊच नका, श्वासनळीत अडकतात. चहात बुडवलेला टोस हा घास नव्हे. त्याने पोट भरतं, आणि चहाने अन्नातलं लोहही नीट लागत नाही.

पोट्टं जेवतच नाही. मोबाइल दाखवला तरच तोंड उघडते.

मोबाइल पाहताना ते जेवत नाही, आपण भरवतो. पोट भरलं हे त्याला कळत नाही, चव कळत नाही, आणि उद्या मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा शून्य, हेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. दोन-तीन दिवस रडारड होईल, ती घरातल्या सगळ्यांनी मिळून सोसा; एकाने लपवायचा आणि आजोबांनी हळूच द्यायचा, असं केलं तर महिना लागेल. पंगतीला स्वतःची छोटी ताटली द्या. सांडू द्या. आणि जेवणाच्या आधी तासभर काय गेलं पोटात ते पाहा. दुकानातला पाच रुपयांचा पुडा असेल तर भूक लागणार कुठून?

वजन कमी लिहिलं. लोक काय म्हणतील?

म्हणू द्या. सहा महिन्यांवरच्या लेकराचा दंड आम्ही पट्टीने मोजतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. हा आईचा निकाल नाही. कधी जुलाबाने, कधी आई आजारी पडल्याने, कधी हंगामात घास चुकल्याने वजन घसरतं. अंगणवाडीचा घरपोच आहार सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरासाठी असतो, तो सगळ्या घरात वाटला जाऊ नये एवढी काळजी घ्या. आदिवासी भागातल्या गावांत अमृत आहार योजनेतून अंडी-केळीही मिळतात. लेकरू सुस्त असेल, पायावर सूज असेल किंवा भूकच मेली असेल, तर गावातला आहार पुरणार नाही. त्याला दवाखान्यात भरती करावं लागतं.

उन्हाळा आणि आजार

कूलरपुढे झोपवू का?

हवा थेट अंगावर नको, खोलीत फिरू द्या. माझी भीती हवेची नाही, करंटची आहे. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि रांगतं लेकरू हे तिन्ही एकत्र आले की दर उन्हाळ्यात कुठून तरी वाईट बातमी येते. अर्थिंग करून घ्या, पाणी भरताना प्लग काढा, आणि कूलर खिडकीबाहेर असेल तर अंगणातून लेकराचा हात पोचतो का ते वाकून पाहा. पाणी आठवड्याला रिकामं करा, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

लस टोचली की ताप येते. मग टोचावच काहून?

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर एक-दोन दिवस कणकण येते, ती लस काम करते म्हणून. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं. इथे एक मोठा धोका आहे: ड्रॉपरची बाटली आणि सिरपची बाटली सारखीच दिसते. ड्रॉप्समध्ये एका मिलीला १०० मिलिग्रॅम असतात, सिरपमध्ये पाच मिलीला १२५ नाहीतर २५०. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर औषध चौपटीपर्यंत जातं. बाटली घेऊन या, आम्ही माप दाखवतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, सरळ दवाखाना.

हगवण लागली. दात येऊन राहिले म्हणून असंन?

दात येताना लेकरू दिसेल ते तोंडात घालतं, हगवण त्या घाणीने लागते. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटर पाण्यात पूर्ण टाका, अर्धं नाही. चमच्या-चमच्याने पाजा, २४ तासांनी उरलेलं फेका. झिंकच्या गोळ्या १४ दिवस, हगवण थांबली तरीही. दूध आणि जेवण बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं, तर थांबू नका.

खोकला हाय. मेडिकलमधून सिरप आणू?

नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपने दगावली, त्यातली कितीतरी उपचाराला नागपुरातच आणली होती. दोन वर्षांच्या आत खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही, पाच वर्षांपर्यंतही शक्यतो नको. त्यापेक्षा लेकरू शांत असताना पोटावर नजर ठेवून मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल, किंवा फासळ्या आत ओढल्या जात असतील, ज्याला आपण पसली चालते म्हणतो, तर तो न्यूमोनिया असू शकतो. पोटावर चटके दिल्याने तो बरा होत नाही, भाजल्याचं दुखणं वर येतं.

तापात झटका आला तर?

कुशीवर निजवा, कपडे सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा नको, बोट नको, पाणी नको. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, दुसरं काही होत नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लेकराचे हात-पाय सुजतात, हात लावला की कळवळते. मार तर लागला नाही.

सहा महिन्यांच्या पुढचं लेकरू असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार बराच आहे. आई आणि बाप दोघेही नुसते वाहक असले तरी प्रत्येक बाळंतपणात लेकराला आजार व्हायची शक्यता चारात एक असते. यात कोणाच्या घराण्याचा दोष काढायचं कारण नाही, दोन्हीकडून आलेलं असतं. २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. लवकर कळलं तर पेनिसिलिन आणि पुढे हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधांनी लेकरू शाळेत जातं, खेळतं.

हट्ट, माती आणि बोल

रडता रडता निळं पडते, श्वासच थांबते. जीव जाईन का?

पाहणाऱ्याचा जीव जायची वेळ येते, पण ते मिनिटभरात स्वतःच श्वास घेतं. हलवू नका, पाणी मारू नका, कुशीवर निजवा. अशा लेकरांत बरेचदा लोह कमी असतं, रक्त तपासा. पहिल्यांदा झालं असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवाच. आणि पुन्हा निळं पडेल या भीतीने मागेल ते देत सुटू नका. त्याला ते फार लवकर कळतं.

माती खाते.

त्यामागेही बहुधा रक्ताची कमतरता. आशाताईकडचं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा एक मिली, आणि वर्षातून दोनदा जंतांची गोळी. वर्षाच्या पुढे अर्धी, दोन वर्षांच्या पुढे अख्खी, चुरून.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पाह्यला की दुकानापुढे लोळण घेते. चार लोकांत लाज वाटते.

दीड ते तीन वर्षांचं लेकरू लोळणारच. त्याला हवं ते कळतं, पण सांगायला शब्द नसतात. मारलं तर मारायला शिकतं, घेऊन दिलं तर लोळायला. उचला, बाजूला न्या, जवळ बसा, ओसरू द्या. घरून निघतानाच ‘आज फक्त पाहायचा’ असं सांगितलेलं असेल तर थोडं सोपं जातं. थोडंच.

दोन वर्षाचं झालं, बोलत नाही. त्याचा बापही उशिराच बोलला म्हणते.

बापावर सोडू नका. दोन वर्षांपर्यंत ‘पानी दे’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द जोडता यायला हवेत. हाक मारली तर वळतं का, बोट दाखवतं का, डोळ्यात पाहतं का, तेही पाहा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. कान तपासणं सगळ्यात आधी.

दृष्ट काढू का?

काढा. मिरच्या मात्र अंगणात जाळा, त्या धुराने लेकरू ठसकतं.

घरचे

मी बाप हाय. मले यातलं काय करता येईन?

दूध पाजणं सोडून सगळं. रात्रीचं लंगोट बदला. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांत करून दाखला आणा. पोरगी असेल आणि घरी पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर ‘लेक लाडकी’चा अर्ज भरा, पोरगी १८ वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. लेकराला गाडीच्या टाकीवर बसवून गावभर मिरवू नका. आणि संध्याकाळी आई वावरातून येते तेव्हा चूल पेटलेली असू द्या, म्हणजे ती आधी लेकराला घेऊन बसेल.

हे सगळं सासूबाईले कोण सांगन?

तुम्ही नका सांगू, भांडण होईल. पुढच्या वजनाच्या दिवशी तुम्ही वावरात जा आणि लेकरू त्यांच्याकडे देऊन पाठवा. काट्यावरचा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत घेऊ, कार्ड त्यांच्याच हातात देऊ. दिवसभर लेकरू त्यांच्याजवळ असतं, तर काय द्यायचं आणि कधी द्यायचं हे त्यांनाच सांगितलेलं बरं.